गप्प राहणं वेगळं, हुंकार देणं वेगळं

वरुडकडच्या एका तरुणाने विचारलंय, ते थोडक्यात असं. वय अठ्ठावीस, इंजिनीअरिंग अमरावतीचं, तीन वर्षांपासून एका अमेरिकन प्रॉडक्ट कंपनीचं काम गावातल्या घरून. वडिलांचा संत्र्याचा बगीचा, एकत्र कुटुंब, घरात गजानन महाराजांची भक्ती. मतं परंपरावादी, मतदान उजव्या पक्षाला. टीम बरोबर उलट्या विचारांची. स्लॅकवरच्या (ऑफिसातल्या मेसेजिंग ॲपवरच्या) गप्पांच्या चॅनेलमध्ये एकाने लिहिलं की अशा पक्षांना मत देणारे एक तर मूर्ख असतात नाहीतर दुष्ट. त्याखाली यांनी अंगठा दिला, कुणाला संशय येऊ नये म्हणून. त्या रात्री झोप लागली नाही. आता मॅनेजरने प्रोफाइलवर सर्वनामं, म्हणजे आपल्याला he, she की they म्हणावं ते, लिहायला सुचवलंय. विचारतात की उघड बोलू का, बोललो तर नोकरी जाईल का, आणि त्यापेक्षा एखादी भारतीय कंपनी धरू का, जिथे "आपल्या विचारांची" माणसं असतील.

मी दिग्रसजवळच्या गावचा. या धंद्यात बावीस वर्षं झाली. आधी पुणे, मग २००७ ते २०११ कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, परत पुणे आणि २०२० पासून गावातूनच काम. टीम सांभाळल्या, माणसं घेतली, काहींना "जा" असंही म्हणावं लागलं. माझी मतं बरीचशी तुमच्यासारखीच आहेत आणि ती बदलावीत असं मला कधी वाटलं नाही. त्यामुळे हे उत्तर बाहेरून दिलेलं नाही.

पहिली गोष्ट त्या अंगठ्याची. तुम्ही प्रश्न "बोलू की नको" असा मांडलाय, पण तुमची झोप न बोलण्याने उडालेली नाही. तीन वर्षं तुम्ही गप्पच होतात आणि तेव्हा नीट झोपत होतात. झोप उडाली ती होकार दिल्यामुळे. आपल्याकडे रात्री आजी गोष्ट सांगायची तेव्हा कुणीतरी हुंकार द्यायचा, गोष्ट पुढे सरकावी म्हणून. तुम्ही तिथे हुंकार दिलात, आणि गोष्ट तुमच्याच आईबापांना मूर्ख ठरवणारी होती. गप्प बसणारा माणूस खोटं बोलत नाही. मत न सांगण्याचा हक्क तर आपल्या मतपेटीनेच दिलाय. तुम्ही कुणाला मत दिलं हे सांगायला कायद्याने कुणी भाग पाडू शकत नाही. पण न पटणाऱ्या गोष्टीखाली खूण करणं हे खोटं आहे, आणि ते रोज थोडंथोडं केलं की माणूस आतून पोखरला जातो. माझा पहिला सल्ला एवढाच की हुंकार बंद करा. आजपासून. त्यासाठी एक शब्दही बोलावा लागत नाही.

दुसरी गोष्ट मी तुमच्या प्रश्नात दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "त्यांना माझं घर कधीच कळणार नाही." हे मताचं दुःख नाही, घराचं आहे. सॅन होजेला मलाही वाटायचं की माझी राजकीय मतं दाबली जातायत. पुढे लक्षात आलं की सोमवारी सकाळी सगळे वीकेंडच्या ट्रेकिंगबद्दल बोलायचे आणि माझ्या डोक्यात बोंडअळी असायची, कारण रविवारी बाबांशी फोनवर तेवढंच बोलणं व्हायचं. ते बोलायला मला कुणी मनाई केली नव्हती. मीच ठरवून टाकलं होतं की यांना काय कळणार. एकदा सहज सांगितलं की या वर्षी आमचा कापूस गेला, तर आयोवाच्या एका सहकाऱ्याने तासभर त्याच्या घरच्या मक्याचं आणि सोयाबीनचं सांगितलं. त्याच्या आणि माझ्या मतांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. तेव्हा श्रद्धा आणि राहणी, राजकीय मत, आणि त्या मताचा प्रचार या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहा. पहिली लपवायचं काही कारणच नाही. आंबिया बहार गळाला, पालखी आली, घरी बारा माणसं जेवायला आहेत, हे खुशाल सांगा. दुसरी तुमच्या मर्जीची. तिसरी कामाच्या जागी आणू नका, आणि ती उजवी असो की डावी, मी हेच म्हणेन.

"मी कन्झर्व्हेटिव्ह आहे" असं एका वाक्यात जाहीर करू नका, हेही इथेच सांगतो. भीतीपोटी नाही, तर त्या शब्दाचं तिकडे जे ऐकू येतं ते तुम्ही बोललेलंच नसतं म्हणून. कॅलिफोर्नियातल्या माणसाला त्यात बंदूक, गर्भपातबंदी आणि ट्रम्प ऐकू येतात. तुमच्या मनात देवघर, कुळाचार आणि आईवडिलांजवळ राहणं आहे. पैशाच्या बाबतीत तर सगळंच उलटं. आपल्याकडचा कट्टर उजवा शेतकरीही कापूस-तुरीला हमीभाव मागतो, पीकविमा मागतो, कर्जमाफीची वाट पाहतो. तिकडच्या जुन्या वळणाच्या उजव्याचं म्हणणं सरकारने मधे पडूच नये. तसं म्हणणारा माणूस आपल्याकडेही होऊन गेला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी विदर्भाच्या गावोगावी सांगत फिरले की सरकारने शेतकऱ्याच्या छातीवरून उठावं, बाजार आणि तंत्रज्ञान मोकळं करावं. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेलं एचटीबीटी (तणनाशक सहन करणाऱ्या) कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं ते त्याच विचारातून. आता सांगा, पेरणारे उजवे की डावे? तुमच्या टीमला हे समजावायला एक लेबल पुरणार नाही. कधी बोललातच तर नेमक्या विषयावर नेमकं बोला.

नोकरी जाईल का, याचं उत्तर परिस्थितीवर आहे. आपल्या घटनेचं कलम १९ अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं, पण ते मुळात सरकारपासूनचं संरक्षण आहे. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीचंही तसंच. खासगी कंपनी तिच्या स्लॅकवर काय चालेल हे ठरवू शकते. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात कर्मचाऱ्याच्या राजकीय कृतीला संरक्षण देणारी कलमं आहेत, ११०१ आणि ११०२, पण ती तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी. वरुडला बसून काम करणाऱ्याने त्यांच्या भरवशावर राहू नये. तुमचं करारपत्र कुणाशी आहे ते पाहा: थेट अमेरिकन कंपनीशी, तिच्या भारतातल्या शाखेशी, की मधल्या एखाद्या एजन्सीशी. कंत्राटदार म्हणून बिल करत असाल तर एका मेलवर काम थांबू शकतं, आणि कारण सांगायचीही कुणाला गरज पडत नाही. कंपनीच्या आचारसंहितेचा भाग शांतपणे वाचा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत कुठलंही शौर्य करू नका, विशेषतः घरच्या कर्जाचे हप्ते तुमच्या पगारातून जात असतील तर.

दोन प्रसिद्ध प्रकरणं तुमच्या मनात असणारच. ती लोक एकाच श्वासात सांगतात, आणि तिथेच चूक होते.

तुम्ही रोज जी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा लिहिता ती १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी लिहिली. २००८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रस्ताव ८ ला, म्हणजे लग्न फक्त स्त्री-पुरुषाचंच मानावं या प्रस्तावाला, खासगीत एक हजार डॉलरची देणगी दिली. मी तेव्हा तिथेच होतो. घराघरांसमोर दोन्ही बाजूंच्या पाट्या होत्या, आणि प्रस्ताव सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झाला. मार्च २०१४ मध्ये आइक फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे सीईओ झाले, ती जुनी देणगी चर्चेत आली आणि पंधरा दिवसांच्या आत त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे राज्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांचं जे मत होतं, ते सहा वर्षांनी एका माणसाला त्याच्या खुर्चीसाठी अपात्र ठरवायला पुरलं. हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं. त्यांनी ते मत ऑफिसात आणलं नव्हतं.

जेम्स डॅमोर यांचं तसं नाही. गुगलमधल्या या इंजिनीअरने २०१७ मध्ये दहा पानांचं टिपण कंपनीच्या आतच फिरवलं. तंत्रज्ञानात स्त्रिया कमी असण्यामागे काही अंशी जैविक फरक असू शकतात, असा त्यात एक मुद्दा होता. ऑगस्टमध्ये त्यांना काढलं. कंपनीची धोरणं तपासायला हवीत हे त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. पण माझ्या टीममधल्या मुलीने ते वाचलं असतं तर तिला काय वाटलं असतं? की उद्या माझा कोड तपासणारा माणूस माझ्याकडे आधीच एक पायरी खाली बघतोय. त्या क्षणी ते मत राहत नाही, रोजच्या कामातला अडसर होतो. मॅनेजर म्हणून मला त्याची दखल घ्यावीच लागली असती. काढलं असतं की नाही, ते सांगता येत नाही.

माझी कसोटी या दोन प्रकरणांतूनच तयार झाली. मत जगाबद्दल असेल तर ते तुमचं. ते टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या लायकीबद्दल असेल तर ते ऑफिसचं झालं.

आणि वारं एकाच दिशेने वाहतं असंही समजू नका. सप्टेंबर २०२० मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीच्या सीईओंनी जाहीर केलं की कंपनीत राजकारण नको. ज्यांना पटलं नाही असे साधारण साठ जण भरपाई घेऊन बाहेर पडले. एप्रिल २०२१ मध्ये बेसकॅम्प या सॉफ्टवेअर कंपनीने तसाच नियम केला, तर जवळपास एक तृतीयांश लोक गेले. एप्रिल २०२४ मध्ये गुगलने इस्रायलशी असलेल्या कंत्राटाविरुद्ध ऑफिसात ठिय्या दिल्याच्या प्रकरणात २८ जणांना काढलं, नंतर आणखी काहींना. ते डाव्या विचारांचे होते. आणि २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांच्या शपथविधीत मोठमोठ्या टेक कंपन्यांचे प्रमुख पुढे बसलेले साऱ्या जगाने पाहिले. आज तुम्हाला जे बळ कमी वाटतंय ते उद्या तुमच्या बाजूला येईल. तेव्हा दुसऱ्याशी कसं वागाल, हाही तुमच्याच प्रश्नाचा भाग आहे.

त्यावरूनच "आपली माणसं" असलेल्या कंपनीकडे येतो. इथे मी चुकलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सॅन होजेहून परतल्यावर पुण्यातल्या एका कंपनीत मी लीड होतो. टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि त्यात बहुतेक जण माझ्याच विचारांचे. दोन वर्षांत पहिल्यांदा श्वास मोकळा झाल्यासारखं वाटलं. ग्रुपवर आरक्षणाबद्दलचे विनोद यायचे, अमक्याचे इतके टक्के, तमक्याचे तितके. मी स्वतः टाकले नाहीत, पण हसणारी चिन्हं मीही दिली. हुंकारच तो. एक दिवस टीममधला पुलगावकडचा मुलगा न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. मग जेवायला वेगळ्या टेबलावर जाऊ लागला. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्ही वर्धेकडचे-यवतमाळकडचे म्हणून मला तुमचा आधार वाटायचा." बस, एवढंच. सहा महिन्यांत त्याने कंपनी सोडली. टीममध्ये सर्वांत चांगलं डीबगिंग करणारा, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणारा, पोरगा होता तो. आरक्षणाच्या धोरणावर दोन मतं असू शकतात आणि तुमचं जे असेल ते असो. पण समोरच्याने मेहनतीने मिळवलेल्या जागेवर हसणं हे मत नाही. कॅलिफोर्नियात ज्या चॅनेलमध्ये माझा जीव गुदमरत होता, तसलाच चॅनेल पुण्यात मी त्याच्यासाठी चालू ठेवला होता. त्याची माफी मागायला मला फार उशीर झाला.

म्हणून भारतीय कंपनीत जायचं तर पगार, काम, आईवडिलांची तब्येत या कारणांनी जा. आपल्या मताची माणसं मिळतील म्हणून जाऊ नका. तिथेही कुणीतरी तुमच्या जागी बसलेला असेल आणि तो तुम्हाला दिसणार नाही.

हेही सांगायला हवं की वेगळ्या मतांच्या माणसांसोबत राहणं विदर्भातल्या माणसाला नवं नाही. दसऱ्याच्या दिवशी नागपूरला जाणाऱ्या एसटीत बसून पाहा. संघ १९२५ च्या दसऱ्याला तिथे सुरू झाला, आणि बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीलाच, दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली. एकाच गाडीत रेशीमबागेला जाणारे आणि दीक्षाभूमीला जाणारे असतात, आणि वाटेत सेवाग्रामला उतरणाराही एखादा. मी लहानपणापासून त्या गाडीने गेलोय. जागा देतात, पोराला मांडीवर घेतात, पाणी विचारतात. कुणी कुणाचं मत बदलत नाही. टीम म्हणजे मला तीच गाडी वाटते.

आता मॅनेजर आणि सर्वनामांचं. आधी पाहा की त्यांनी सुचवलंय की बंधनकारक केलंय. बहुतेक ठिकाणी ते ऐच्छिक असतं, आणि "मला प्रोफाइल आहे तसंच ठेवायचंय" एवढं सांगितलं की विषय संपतो. पण नकार देण्याआधी एक विचार करा. मराठीत "मी आलो" म्हटलं की पुरुष आणि "मी आले" म्हटलं की बाई, आपलं क्रियापदच सांगून मोकळं होतं. इंग्रजीत तसं नाही, आणि आपली नावं त्यांना अजिबात उलगडत नाहीत. मला कितीतरी मेलमध्ये वर्षानुवर्षं बाई समजून लिहिलं गेलंय. मी प्रोफाइलवर इंग्रजी "he" (म्हणजे तो) लिहिलं ते या व्यवहारी कारणाने, आणि माझ्या श्रद्धेला त्याने धक्का लागला नाही. तुम्हाला लागत असेल तर लिहू नका. सहकाऱ्याने मात्र त्याला जसं संबोधायला सांगितलंय तसं संबोधा. गावात कुणी म्हणालं की मला अण्णा म्हणू नका, भाऊ म्हणा, तर आपण भाऊच म्हणतो.

सॅन होजेतली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तुम्ही विचारलंय की कुणी थेट विचारलं तर काय. मला काम शिकवणारा सीनियर समलिंगी होता. संध्याकाळी थांबून त्याने मला प्रोग्राममधली मेमरी लीक नावाची चूक शोधायला शिकवलं होतं. नोव्हेंबर २००८ मध्ये मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला सरळ विचारलं, तुला काय वाटतं? मला तिथे मतदानाचा हक्क नव्हता, त्यामुळे टाळता आलं असतं. मी म्हणालो, "माझ्या घरात लग्नाचा जो अर्थ मला शिकवला तोच माझ्या मनात आहे. पण तुझ्या घरात डोकावायचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही, आणि तुझ्याबद्दलचा माझा आदर याच्यावर अवलंबून नाही." तो आठवडाभर कामापुरतंच बोलला. तो आठवडा मला जड गेला, त्याला तर त्याहून जास्त गेला असणार. मग एका संध्याकाळी तो परत माझ्या डेस्कशी येऊन बसला आणि म्हणाला, निदान मागे एक आणि पुढे एक असं तू करत नाहीस. आजही वर्षातून एकदा आमचा फोन होतो. दीड वर्षाच्या कामाचा विश्वास पाठीशी नसता तर हे झालं नसतं, असं मला वाटतं. म्हणून विचारतो, तुमच्या टीममध्ये असा विश्वास कुणाशी आहे? बोलायचंच झालं तर आधी त्या एकाशी बोला, समोरासमोर किंवा कॉलवर. चॅनेलमध्ये नाही, मध्यरात्री नाही, आणि कंपनीच्या लॅपटॉपवरून तर नाहीच.

काही किरकोळ पण उपयोगाचं. तो चॅनेल म्यूट करा. लिंक्डइनवर फक्त काम ठेवा. व्हॉट्सॲप स्टेटस सहकाऱ्यांपासून वेगळं करा; त्यात लपवाछपवी काही नाही, चावडीवरचं बोलणं आपण माजघरात आणत नाही तसंच. गावात ग्रामपंचायतीचा प्रचार करायचा असेल तर सुट्टी टाकून करा आणि कंपनीचं नाव कुठेही येऊ देऊ नका. मतदानाच्या दिवशी इथल्या आस्थापनेला भरपगारी सुट्टी द्यावी लागते, लोकप्रतिनिधित्व कायद्यात १३५बी कलम आहे. २६ एप्रिल २०२४ ला, शुक्रवारी, तुमच्या-माझ्याकडे दोन्हीकडे लोकसभेचं मतदान होतं आणि आमचं रिलीजही (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढणं) त्याच दिवशी होतं. मी टीमला पंधरा दिवस आधी कळवलं, रिलीज गुरुवारी केलं आणि संध्याकाळी शाई लागलेल्या बोटाचा फोटो टाकला. मत कुणाला दिलं हे कुणी विचारलं नाही. उन्हात रांगेत किती वेळ उभं राहावं लागलं, तेवढं मात्र सगळ्यांनी विचारलं.

राहिलं ते चॅनेलमधलं वाक्य. मला ते सोडून द्यावंसं वाटत नाही, कारण त्यात एका गटाच्या सगळ्या माणसांना मूर्ख आणि दुष्ट म्हटलंय, आणि त्यात तुमचे आईवडील आलेच. आधी तो अंगठा काढून टाका. मग मॅनेजरशी पुढच्या वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे दोघांच्याच बैठकीत, बोला. पक्षाचं नाव नको, तुमचं मतही नको. एवढंच म्हणा की या चॅनेलमध्ये मतदारांना मूर्ख आणि दुष्ट म्हटलं जातं, माझ्या घरातली माणसं त्यात मोडतात, आणि अशी भाषा कुठल्याही बाजूच्या लोकांबद्दल टीममध्ये नसावी अशी माझी विनंती आहे. चांगला मॅनेजर हे ऐकून चॅनेलचा नियम करेल. त्याने हसून उडवलं किंवा तुमच्याकडे बघण्याची नजर बदलली, तर दुसरी नोकरी शोधायचं खरं कारण तुम्हाला मिळालं, आणि सहा महिन्यांची तजवीज तोवर झालेली असू द्या. इंग्रजीत ते कसं मांडायचं याची अडचण वाटत असेल तर चार ओळी लिहून इथेच टाका. आज रात्री वीज राहिली तर आजच वाचतो, नाहीतर उद्या सकाळी.